विहीर, मतदार यादी आणि अर्जातली एक ओळ : पूर्व खानदेशातलं एक प्रकरण (१९३६ ते १९४७)

गावाचं नाव देत नाही. ज्या घरातून हे कागद मला पाहायला मिळाले त्यांची तेवढी एकच अट होती, आणि ती रास्त आहे. अर्जावर सह्या करणाऱ्यांचे आणि तेव्हा दाणापाणी तोडणाऱ्यांचे नातू आज एकाच ग्रामपंचायतीत शेजारी बसतात. अमळनेर आणि एरंडोलच्या दरम्यान, काळ्या मातीतलं, कपाशी पिकवणारं, आठवडे बाजार भरणारं मोठं गाव, एवढं पुरे.

पत्र्याच्या पेटीत अकरा कागद होते. अर्जांच्या टाकाने उतरवून घेतलेल्या नकला, त्यांना आलेली उत्तरं, लोकल फंडाच्या दोन पावत्या आणि मतदार यादीचं एक फाटकं पान. कागदांत जे नाही ते गावच्या महार वस्तीतल्या एका आजींनी सांगितलं. घडलं तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या, मला सांगितलं तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. माणसांची नावं बदलण्याऐवजी मी ती गाळलीच आहेत. पुढाकार घेणारे दोघं होते. वस्तीतले वडीलधारे, त्यांना सगळे ‘नाना’ म्हणत, आणि अमळनेरच्या कापडगिरणीत कामाला जाणारा त्यांचा पुतण्या.

नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण घेतो. गावात पाण्याचा, रस्त्याचा, स्मशानभूमीचा वाद उठला की पहिली सूचना येते ती ‘त्यांना वेगळं करून देऊ’ अशी. ती सूचना पहिल्यांदा कशी आली, कोणत्या दिवसांत स्वीकारली गेली आणि पुढे तिचं काय झालं, हे या अकरा कागदांत दिसतं.

पार्श्वभूमी

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा आला. गावोगावच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, रस्ते बोर्डाकडे. त्यासाठीचा पैसा शेतसाऱ्यावरच्या पट्टीतून यायचा, मूळ दर रुपयामागे एक आणा. लोकांच्या तोंडी तो ‘लोकल फंड’. कायदा, मंडळ, निवडणूक, पट्टी, सगळं होतं. पण मत कोणाला, हे त्या माणसाच्या नावावर किती सारा लागतो यावर ठरायचं.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने मताधिकार वाढला तरी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत पोचला. मुंबई इलाख्याच्या खेड्यांत निदान ८ रुपये आकाराची जमीन असेल तर नाव यादीत. अस्पृश्य म्हणून गणलेल्या जातींसाठी दोन वेगळ्या वाटा होत्या: लिहिता-वाचता येतं हे सिद्ध करायचं, किंवा गावच्या दप्तरात कनिष्ठ गावकामगार म्हणून प्रत्यक्ष काम केल्याची नोंद असायची.

ही दुसरी वाट नीट पाहायला हवी. महारकीचं वतन म्हणजे सरकारी दप्तर डोक्यावरून पुढच्या गावी नेणं, साहेबाच्या घोड्यापुढे धावणं, मयताचा सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं. त्या बदल्यात थोडी वतनी जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयकं मांडली, कारण हे वतन म्हणजे पिढीजात वेठ आहे असं त्यांचं म्हणणं होतं. आणि नव्या कायद्यात मत मिळत होतं ते याच वेठीच्या नोंदीवर. शिवाय वतनाचं काम भाऊबंदांत पाळीने चाले, त्यामुळे ज्याची पाळी त्याचंच नाव दप्तरात. वस्तीत तीसेक घरं होती आणि दप्तरात चार नावं.

सार्वजनिक पाण्याचा हक्क कागदावर आधीच मान्य झालेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत. १९२६ मध्ये, जी मंडळं हे पाळणार नाहीत त्यांचं अनुदान थांबवावं, असा पुढचा ठराव झाला. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर काय घडलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकरही सदस्य होते. समितीने १९३० च्या अहवालात साफ लिहिलं की हक्क असूनही लोक ते बजावत नाहीत, याचं कारण उघड मारहाणीची भीती आणि त्याहून मोठी भीती पोटावर पाय येण्याची. जमीन दुसऱ्याची, मजुरी दुसऱ्याची, दुकान दुसऱ्याचं. या गावात पुढे जे झालं त्याचं वर्णन सात वर्षं आधीच छापून झालं होतं.

प्रश्न

बाजारतळाजवळ १९३३ च्या सुमारास लोकल बोर्डाने चुन्यात बांधलेली मोठी विहीर झाली. रहाट, दगडी कठडा, बाजूला गुरांचा हौद. गावकीच्या, म्हणजे सवर्ण घरांतल्या, बायका वर पाणी भरत. वस्तीतल्या बायका हौदापासून दहा-बारा पावलं लांब, बाभळीखाली घागरी मांडून उभ्या राहत. कोणाला दया आली तर वरून ओतायचं. आजी सांगत होत्या, उन्हाळ्यात सकाळी गेलेली आई दुपारी परतायची; घागर अर्धी असली तरी ‘मिळालं’ म्हणायची.

हौदावर बैल पाणी पीत होते. ही गोष्ट नानांनी १९३६ च्या पहिल्याच अर्जात लिहिली आहे, आणि त्या अर्जाला लोकल फंडाची पावती टाचली आहे. वतनी जमिनीखेरीज त्यांच्या नावावर एका सर्व्हे नंबरचा छोटा तुकडा होता. सारा आठ रुपयांच्या खाली, म्हणून जमिनीच्या आधारे मत नाही; पण त्यावरचा लोकल फंड दर साली वसूल. म्हणजे विहिरीच्या चुन्यात नानांचेही आणे होते.

मला या अर्जाचं मोल फार वाटतं. अर्जात कुठे ‘गरीब’, ‘मायबाप सरकार’, ‘दया’ नाही. पट्टी भरतो, पट्टीतून विहीर झाली, तेव्हा विहीर आमचीही, एवढंच. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने नागरिकत्वाचा मुद्दा पाच ओळींत मांडला.

तर मागण्या दोन होत्या: यादीत नाव आणि विहिरीवर पाणी. त्यांतली कोणती आधी, हा पहिला निर्णय.

पहिला निर्णय : यादी की विहीर

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा केली. येवला इथून फार दूर नाही, बातमी दोन दिवसांत वस्तीवर आली. पुतण्याचं म्हणणं होतं की आता थेट विहिरीवर जाऊ. नाना म्हणाले, आधी यादी. निवडणूक येते आहे, मागायला येणारा माणूस आधी मत मोजतो.

दप्तरातली चार नावं वाढवायची कशी? पाळी बदलून आणखी नावं चढवता आली असती, पण त्याला पाटील आणि तलाठी या दोघांचा हात लागला असता आणि महारकीचा दाखला आणखी घट्ट झाला असता. वस्तीने अवघड वाट धरली: रात्रीची शाळा. गिरणीतून आणलेली पाटी-पेन्सिल, एक कंदील आणि पुतण्या मास्तर. १९३६ च्या उन्हाळ्यापर्यंत अकरा जणांना स्वतःचं नाव, गाव आणि बातमीतल्या चार ओळी वाचता येऊ लागल्या. वाचनासाठी डॉ. आंबेडकरांच्या ‘जनता’ पत्राचे जुने अंक होते. अकरांपैकी नऊ जण साक्षर म्हणून यादीत लागले. दोघांना कारकुनाने वाचायला दिलेला कागद मोडीत होता, शिकले होते ते बाळबोध, म्हणजे देवनागरी.

पेटीतलं फाटकं पान त्याच यादीचं. नऊ नावांपुढे शिक्षणाची नोंद आहे, वतनाची नाही. पुतण्याच्या मुलाने मला ते दाखवताना पान हातात दिलं नाही, स्वतःच धरून ठेवलं.

फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी मत दिलं. त्याआधी, डिसेंबर १९३६ च्या शेवटी, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. सगळा खानदेश तिकडे लोटला होता. गावकीतलेही गाड्या जुंपून गेले आणि शेतसारा, कर्ज, स्वराज्य यांवरची भाषणं ऐकून आले. कपाशीचे भाव १९२९ नंतर कोसळले होते, सारा मात्र तोच होता; त्यांचं दुःखही खरं होतं. पण सरकारकडे सूट मागणारे हेच लोक चार महिन्यांनी वस्तीला मीठ द्यायला तयार नव्हते. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे प्रशिक्षणात सांगितलं की खोली शांत होते.

दुसरा निर्णय : कोणत्या महिन्यात

१७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यात निकाल दिला. तळ्यावर फक्त सवर्णांचाच पूर्वापार हक्क आहे, हे सिद्ध होत नाही. पुतण्याने बातमी वस्तीत वाचून दाखवली. त्याच सुमारास नानांच्या अर्जाला बोर्डाचं उत्तर आलं होतं: विहीर सर्वांसाठी खुली आहे, तशी पाटी लावण्याची तजवीज केली आहे. पाटी लागलीही. पत्र्याची, पांढऱ्या रंगात. गावात वाचणारे थोडे, मानणारे त्याहून थोडे.

आता पर्याय होते. गावकीशी बोलणी करून एक पाणक्या ठेवायचा, तो वस्तीच्या रांजणात पाणी ओतेल; दोन शहाण्या माणसांनी हा मार्ग सुचवलाही. त्यात पाणी होतं पण हात दुसऱ्याचा, म्हणून वस्तीने तो नाकारला. दिवाणी दावा लावायचा, तर महाडच्या दाव्याला दहा वर्षं गेली होती आणि इथे वकिलाच्या फीचीच सोय नव्हती. महारकी बंद करायची, ढोर ओढणार नाही म्हणायचं. पण मग बलुतं जाणार, वतनी जमिनीवर बोट ठेवलं जाणार. उरला पाटीवर विश्वास ठेवून सरळ पाणी भरण्याचा मार्ग.

तो त्यांनी वैशाखात निवडला. हिशेब असा होता की खळ्यावरचं बलुतं नुकतंच घरात आलंय, दाणे दोन महिने पुरतील, आणि पाण्याची ओढ याच दिवसांत सर्वांत जास्त. समजण्यासारखा हिशेब आहे. पण वैशाखात शेतात काम नसतं. ज्याला तुमच्या मजुरीची गरज नाही, त्याला तुमच्यावर बहिष्कार टाकायला काहीच लागत नाही. हाच दिवस कार्तिकात, कपाशी वेचणीच्या तोंडावर आला असता, तर बोंडं फुटून वाऱ्यावर गेली असती आणि गावकीतच दोन मतं झाली असती.

पाणी भरायला बायका गेल्या, सात जणी. आजींची आई त्यांत होती. पुरुष बाभळीपाशी थांबले, कारण बायकांवर कोणी हात टाकणार नाही असं ठरवताना वाटलं होतं. पहिल्या तिघींनी रहाटाने पाणी काढलं, घागरी भरल्या, उचलल्या. चौथीच्या वेळी माणसं धावून आली. घागरी मातीच्या होत्या, सगळ्या फुटल्या. आजींच्या आईच्या मनगटावर खापरी लागल्याचा व्रण शेवटपर्यंत होता. ते सांगताना आजी स्वतःच्या मनगटावर बोट फिरवत होत्या.

संध्याकाळी चावडीपुढे ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात मीठ, रॉकेल, गूळ बंद. गुरं रानात वळू दिली नाहीत. बाजारातून आणावं तर बाजार गावातच. पुतण्या रोज अमळनेरहून पाठीवर पिशवी आणायचा, तीस घरांना ती किती पुरणार. त्याच्या पगाराच्या दिवशी मिठाची एक गोणी आली आणि ती घराघरांत ओंजळीने वाटली, हे आजींना स्पष्ट आठवत होतं.

फौजदाराकडे तक्रार गेली. दोघांचे जबाब झाले, पुढे काही झालं नाही. बहिष्काराला कलम नव्हतं: दुकानदाराने कोणाला माल विकावा, हा त्याचा प्रश्न.

तिसरा निर्णय : अर्जातली ओळ

पाच आठवडे गेले. मृग लागायच्या आत तालुक्याहून एक अधिकारी आला आणि चावडीत बैठक बसली. त्याने तोडगा ठेवला: बोर्ड वस्तीसाठी स्वतंत्र विहीर मंजूर करेल, गावकी बहिष्कार उठवेल, वस्ती बाजारतळाच्या विहिरीवर येणार नाही. अशा स्वतंत्र विहिरी त्या काळात इलाखाभर खोदल्या जात होत्या. अनुदान मिळे, अहवालात आकडा भरे, तंटा मिटे.

रात्रभर वस्तीत बोलणं झालं. पुतण्या विरोधात: वेगळी विहीर घेणं म्हणजे वेगळं राहायला कबुली देणं. नाना गप्प. बायकांचं म्हणणं सर्वांत स्पष्ट होतं. घागर आमच्या डोक्यावर असते, फुटते ती आमचीच, पाणी दाराशी येत असेल तर घ्या. पहाटे नाना म्हणाले, घेऊ.

या निर्णयाला मी बरीच वर्षं ‘माघार’ म्हणून शिकवत होतो. आता तसं म्हणत नाही. पाच आठवडे मुलांना मिठाशिवाय भाकरी घालणाऱ्या बाईला हक्काची तात्त्विक बाजू समजावणं मला जमणार नाही, आणि जमू नये. चूक विहीर घेण्यात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी झाली.

बैठकीत वस्तीकडून अर्ज लिहून घेतला गेला. मसुदा कारकुनाचा, खाली सह्या आणि अंगठे वस्तीचे. एकोणीस. अर्जात लिहिलं आहे की आम्हांस पाण्याची अडचण असल्याने आमच्या वस्तीजवळ स्वतंत्र विहीर द्यावी, म्हणजे आमची तक्रार राहणार नाही.

त्यात चार शब्द कमी आहेत: सार्वजनिक विहिरीवरचा हक्क राखून. ते लिहायचं कोणाला सुचलं नाही, की सुचलं आणि कारकुनाने घेतलं नाही, हे कागदावरून कळत नाही. नानांचा पहिला अर्ज ज्याने वाचलाय त्याला दुसरा अर्ज त्यांचा वाटतच नाही. पट्टीचा उल्लेख नाही, बोर्डाच्या पाटीचा नाही, उच्च न्यायालयाच्या निकालाचा नाही. ज्याने हक्क मागितला होता त्याच्याकडून सोय मागून घेतली गेली, आणि तीही ‘त्याच्याच इच्छेने’.

वेळ कशी असते पाहा. सहा आठवड्यांनी, १९ जुलै १९३७ ला, बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. ३१ जुलैला डॉ. आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात होते, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते; दरवर्षी त्या दिवशी आजही तिथे माणसं जमतात. आषाढ लागला की निंदणीला बायांचे हात लागतातच. वस्तीला हे पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता रिकामा डबा.

निष्पत्ती

विहीर १९३९ मध्ये झाली. तापीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत काही पट्ट्यांत खालचं पाणी खारं लागतं. जाणकार माणूस माती पाहून सांगतो. जागा ठरवताना पाणी कुठे गोडं हे विचारलं गेलं नाही, वस्तीपासून जवळ आणि गावापासून लांब एवढंच पाहिलं गेलं. पाणी मचूळ निघालं. भांडी घासायला चाले, डाळ शिजत नसे. फाल्गुनानंतर तळाला गाळ.

१९४० मध्ये नानांनी पुन्हा अर्ज केला. हा अर्ज पुन्हा त्यांच्या हातचा आहे, पट्टीची पावतीही पुन्हा टाचली आहे. उत्तर दोन ओळींचं आलं: अर्जदारांच्या विनंतीवरून त्यांना स्वतंत्र विहीर देण्यात आली आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल. वरच्या कोपऱ्यात नानांनी पेन्सिलने ती तारीख लिहिली आहे ज्या दिवशी अंगठे घेतले गेले. दुसरं काही नाही.

वरती दाद मागायची सोयही तोवर गेली होती. नोव्हेंबर १९३९ ला काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि इलाख्याचा कारभार गव्हर्नरकडे गेला. ज्या मतासाठी अकरा माणसं कंदिलाखाली बसली, त्या मताने निवडलेलं कायदेमंडळ पावणेतीन वर्षांत थंडावलं. प्रश्न विचारायला आमदार होता, पण सभागृह भरत नव्हतं.

पुढची हालचाल १९४७ ची. सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणं हा गुन्हा ठरवणारा, हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याचा मुंबईचा १९४६ चा कायदा अमलात आला होता. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषणाला बसले, १ ते १० मे. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, या भागातल्या कित्येक घरांत त्यांचे विद्यार्थी. गावकीतल्या अशाच दोन तरुणांनी वडिलांशी भांडून वस्तीबरोबर विहिरीवर जायचं ठरवलं. या वेळी तारीख आधी मामलेदारांना लेखी कळवली होती, पोच घेतली होती. पोचेचा कागद पेटीत आहे, अकरांतला शेवटचा. पुरुषही बायकांबरोबर कठड्यापर्यंत गेले. घागरी पितळी होत्या, वस्तीने वर्गणी काढून घेतल्या होत्या. कोणी अडवलं नाही. त्यानंतर आठवडाभर गावकीतल्या बऱ्याच घरांनी आपापल्या मळ्यातलं पाणी आणलं.

वर्षभर दोन्ही बाजूंच्या वेळा वेगळ्या राहिल्या. खऱ्या अर्थाने एकत्र पाणी नळ आल्यावरच झालं, तेही टाकी कुठे बांधायची यावर वाद होऊन. महारकीचं वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झालं, तोवर नाना गेले होते.

कागद पुन्हा वाचताना

प्रशिक्षणात सदस्य विचारतात, काय वेगळं करता आलं असतं? महिन्याबद्दल वर लिहिलंच आहे. हाताशी काम असेल तेव्हाच मजुराच्या नकाराला वजन असतं, आणि या वस्तीकडे तेवढं एकच वजन होतं.

बैठकीतच मसुदा करायची घाई टाळता आली असती. ‘उद्या लिहून आणतो’ एवढं म्हणायला नानांना अडचण नव्हती. लिहायला तर नऊ जण शिकले होते. तोंडी ठरलेलं आणि कागदावर उतरलेलं यांत काय सुटलं, हे वाचून पाहणारा माणूस खोलीत होता, पण पुतण्याला त्या दिवशी ‘तापट आहे’ म्हणून बाहेर बसवलं होतं. आजही तडजोडीच्या वेळी पहिला बाहेर काढला जातो तो वाचणारा माणूस. तसंच जागेचं: स्वतंत्र विहीर घ्यायचीच होती तर पाणी चाखून जागा ठरवण्याची अट घालता आली असती. अट घालायची सवय नव्हती, मिळतंय यातच मोठेपणा मानायची सवय लावलेली होती.

यादी आधी हा नानांचा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो. पाणी लगेच मिळालं नाही, पण नऊ नावांनी वस्तीला लिहिणारी माणसं दिली. १९४७ च्या पोचेवरचं अक्षर त्या नवांतल्याच एकाचं आहे, आणि १९३७ ची चूक त्याने केलेली नाही. त्या पत्रात सार्वजनिक विहीर ‘आमच्या पट्टीतूनही बांधलेली’ असा शब्दप्रयोग परत आला आहे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आधी आली नाही, ती आजींनी आणली. १९३७ चा अर्ज मी त्यांना वाचून दाखवत होतो. खालची एकोणीस नावं एकेक करून वाचली. कोण कोणाचा, कुठल्या आळीचा, हे त्या सांगत गेल्या. संपल्यावर थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “मन्ही मायनं नाव शे का त्यामा?”

मी यादी पुन्हा वरपासून वाचली. सातजणींपैकी एकीचंही नाव नव्हतं. १९३६ च्या अर्जात नाही, १९४० च्या नाही. रात्रीच्या शाळेत त्या बसल्याच नव्हत्या, त्या वेळी दळत होत्या. कायद्यात साक्षर बाईला मत होतं, हे वस्तीत कोणी त्यांना सांगितल्याची आठवण आजींना नव्हती. नऊ नावांची बारा-पंधरा झाली असती की नाही, हा प्रश्न आता प्रशिक्षणात मी सर्वांत आधी विचारतो, आणि सातजणींपैकी ज्या चौघींची नावं आजींना आठवली ती त्यांच्या घरच्यांच्या संमतीने अकरा कागदांसोबत एका बाराव्या कागदावर लिहून पेटीत ठेवली आहेत.